आधी कपाळ बघ, मग डोळा सांभाळ

बाळ,

परवा तुझा फोन आला तेव्हा तू घाबरलेली होतीस. "आत्या, एक बाई आलीय, तोंड वाकडं झालंय, घरचे म्हणतात लकवा मारला, मी काय करू?" एवढं कानावर आलं आणि रेंज गेली. डिंभ्याच्या वर अजून हीच गत आहे म्हणायची. पुन्हा लागेल म्हणून फोन मांडीवर घेऊन बसले, पण लागला नाही. म्हणून आता सगळं लिहूनच देते. तीस वर्षं जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत नर्स म्हणून पायपीट केली, त्यात वाकडं झालेलं तोंड पुष्कळ वेळा पाहिलं. एकदा तर आरशात माझंच पाहिलं.

ते आधी सांगते, कारण तू तेव्हा जन्मली नव्हतीस. पौषातली थंडी होती. आदल्या दिवशी डाव्या कानामागं ठणकत होतं, मी म्हटलं कान दुखतोय, झोपले. सकाळी चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून सांडलं. चहा घेतला तर जिभेला अर्धी चव. स्वयंपाकघरात ताट पडलं, तो आवाज डाव्या कानात असा घुसला की मी कान दाबून खाली बसले. आरशात बघितलं तर डावी बाजू सपाट, हसायला गेले की तोंड उजवीकडं ओढलं जातंय, डावा डोळा मिटतच नाही. मी नर्स होते तरी पहिला विचार हाच आला की मेंदूत काही झालं, आता हातपाय जाणार. तुझे आजोबा तर रडायलाच लागले.

आमच्या केंद्रातल्या मोठ्या डॉक्टरसाहेबांनी मला खुर्चीत बसवलं आणि एकच गोष्ट सांगितली, "सिस्टर, मान न हलवता छताकडं बघा." मी बघितलं. ते म्हणाले, "उजव्या कपाळाला आठ्या पडल्या, डाव्याला एकही नाही. आता दोन्ही हात पुढं करा, चालून दाखवा." सगळं ठीक होतं. मग म्हणाले, "मेंदू शाबूत दिसतोय. नस सुजलीय. बऱ्या व्हाल." छताकडं बघण्याची ती खूण मी त्या दिवशी शिकले आणि पुढं प्रत्येक रुग्णाला वापरली. तीच तुला पहिली देते.

"भुवया उंचावा", "आश्चर्य वाटल्यासारखं करा" असं सांगितलं तर आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना कळत नाही, ती नुसती तुझ्या तोंडाकडं बघत राहतात. छताकडं बघा म्हटलं की भुवया आपोआप वर जातात. कपाळाचा अर्धा भाग गुळगुळीत राहिला, डोळा मिटत नाही आणि तोंडही त्याच बाजूला मेलंय, म्हणजे त्या बाजूची चेहऱ्याची नस खाली कुठंतरी बंद पडलीय. उलट तोंडाचा कोपरा ओघळलाय, पण दोन्ही कपाळांना आठ्या नीट पडतात, डोळा मिटतो, तर घोटाळा वर मेंदूत आहे असं धर आणि लगेच हल.

असं का होतं ते समजून घे, म्हणजे विसरणार नाहीस. आपल्या शिवाराचंच बघ. एखाद्या वावराला कालव्याचंही पाणी आहे आणि विहिरीचंही. वर कालवा फुटला तरी विहिरीवर ते वावर हिरवं राहतं. कपाळाचं तसं आहे, त्याला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. गालाला आणि ओठाला मुख्यतः एकाच, पलीकडच्या बाजूकडून येतो. मेंदूच्या एका बाजूला इजा झाली तर ओठ पडतो, कपाळ तगतं. पण दोन्हीकडचं पाणी वावराच्या बांधावर ज्या एका पाइपात येतं, तो पाइपच चेपला तर अख्खं वावर सुकणार. तो पाइप म्हणजे चेहऱ्याची नस, डोक्यातल्या बारा जोड्यांपैकी सातवी.

आता यात एक मेख आहे, ती लपवत नाही. मेंदूच्या देठाजवळ झटका आला तर क्वचित कपाळही जातं. म्हणून कपाळ बघून समाधान मानून थांबायचं नाही. दोन्ही हात पुढं करायला लाव, एखादा खाली येतो का बघ. नाव-गाव विचार, बोबडं होतंय ते ओठामुळं की शब्दच सुचत नाहीत ते ऐक. चार पावलं चालव. एकाचे दोन दिसतात का, अचानक भयंकर डोकं दुखलं का, चक्कर, उलटी, गिळताना ठसका, हे विचार. यातलं एकही असेल तर १०८ ला फोन. आपल्याकडं ही गाडी २०१४ पासून आहे. आमच्या वेळी भाजीची जीप थांबवावी लागायची. आणि माणूस धडधाकट असल्याचं शेवटचं कोणी, किती वाजता पाहिलं ती वेळ चिठ्ठीवर लिहून दे. मेंदूच्या झटक्यात गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन व्हावा लागतो. डिंभ्याच्या वरून घोडेगाव, मंचर, मग पुढं साठ किलोमीटर पुणे, यात तास कसे जातात ते तुला सांगायला नको.

झटका नाही असं वाटलं तरी डॉक्टरांनी त्याच दिवशी बघायला हवं, हे मात्र घरच्यांना ठासून सांग.

नस सुजून तोंड वाकडं होण्याच्या या आजाराला डॉक्टर बेल्स पाल्सी म्हणतात. चार्ल्स बेल नावाचा स्कॉटलंडचा शल्यचिकित्सक होता, त्यानं १८२१ मध्ये चेहऱ्याच्या नसांवर निबंध वाचला, त्याचं नाव पडलं. आजार मात्र फार जुना. चरक आणि सुश्रुतांनी वातव्याधींमध्ये याला अर्दित म्हटलंय. म्हणून "हे नवीनच काहीतरी निघालं" असं म्हणणाऱ्या आजोबांना सांगायचं, हे नवीन नाही. वर्षाला लाखात वीस-तीस जणांना होतो. तुझ्या एका उपकेंद्राच्या वस्तीत वर्षाला जेमतेम एखादा दिसेल, एखाद्या वर्षी एकही नाही, मग एखाद्या दिवशी दारात उभा राहील, म्हणूनच विसर पडतो.

होतं काय, तर ही नस मेंदूतून निघून कानामागच्या हाडातल्या एका अरुंद बोळातून चेहऱ्यावर येते. बोळ एके ठिकाणी मिलिमीटरभरही रुंद नाही. नस सुजली की, सुजलेल्या बोटात अंगठी रुतावी तशी ती हाडात अडकते आणि दाबली जाते. बोटातली अंगठी कापता येते, हाडाचं तसं नाही. सूज का येते ते पुष्कळदा कळत नाही. ओठांवर ज्या विषाणूमुळं तापाचे फोड उठतात तो नसेत वर्षानुवर्षं झोपून असतो आणि कधीतरी जागा होतो, असा तज्ज्ञांचा दाट संशय आहे. याच नसेतून जिभेच्या पुढच्या भागाची चव जाते, कानातला एक बारका स्नायू चालतो जो मोठा आवाज दबवतो, डोळ्याचं पाणीही सुटतं. माझी चहाची चव आणि ताटाचा आवाज, दोन्ही तिथूनच. रुग्ण "गाल बधिर झाला" म्हणतो, पण बोट लावून बघ, स्पर्श कळतो. चावायचे स्नायूही शाबूत असतात, कारण त्यांची नस वेगळी.

आणि वारा? आपल्या भागात सगळ्यात आधी वाऱ्याचं नाव निघतं. पंपाला वीज रात्रीची येते, बिबट्याच्या भीतीनं चार जण मिळून बॅटरी घेऊन पाणी भरायला जातात, पहाटे दवात भिजून परततात, आणि त्याच आठवड्यात एखाद्याचं तोंड वाकडं होतं. मग म्हणतात, वारं लागलं. टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगावच्या बाजाराला पहाटे पिकअपच्या हौद्यात बसून जाणारेही हेच म्हणतात. वाऱ्यानं हा आजार होतो असं कोणी सिद्ध केलेलं नाही. पण वाद घालत बसू नकोस. "वारा लागला असेल, नसेल, आता डोळ्याला वारा लागू देऊ नका" एवढं म्हण. त्यांचंही मन राहतं आणि डोळाही राहतो.

आता तीन दिवसांची गोष्ट. सूज उतरवायला प्रेडनिसोलोन नावाचं स्टेरॉइड देतात आणि ते पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर खरा उपयोग. स्कॉटलंडमध्ये ५५१ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, २००७ मध्ये छापून आला. रोज ५० मिलिग्रॅम, दहा दिवस, असं ज्यांना दिलं त्यांच्यातले शंभरातले ९४ नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले. ज्यांना दिलं नाही त्यांच्यातले ८२ च्या आसपास. विषाणूचं औषध एकटं देऊन फायदा दिसला नाही. निवृत्त झाल्यावर हे मी एका तरुण डॉक्टरकडून मुद्दाम समजून घेतलं, कारण माझ्या काळी कोणी द्यायचं, कोणी नाही.

गोळी डॉक्टरांनीच लिहायची, तू नाही. ज्याला साखर आहे त्याची साखर या गोळीनं एकदम उसळते. टीबी, पोटातला अल्सर, गरोदरपण, हे सगळं डॉक्टरांना आधी कळलं पाहिजे. तुझं काम इतकंच की माणूस तिसऱ्या दिवसाच्या आत तिथं पोचवायचा, ग्लुकोमीटरनं साखर आणि बीपी बघून कागदावर लिहून द्यायचं. गोळी जेवणानंतर घ्यायची आणि तोंड जरा सरळ दिसायला लागलं म्हणून मध्येच सोडायची नाही, हे बजाव. मेडिकलच्या दुकानातून तोंडी सांगून आणलेल्या गोळ्या चार दिवस खाऊन मग माझ्याकडं आलेली माणसं मी पाहिलीत.

आणि धीर दे. कोपनहेगनला एरिक पीटरसन नावाच्या डॉक्टरांनी पंचवीस वर्षं या आजाराचे सतराशे रुग्ण औषध न देता नुसते बघितले. त्यातले शंभरातले ७१ आपोआप पूर्ण बरे झाले, ८५ जणांच्या चेहऱ्यात तीन आठवड्यांच्या आत काहीतरी हालचाल परत आली. म्हणजे बहुतेकांचा चेहरा परत येतो. याच कारणानं प्रत्येक अंगाऱ्याला आणि प्रत्येक मुळीला गुण येतो, हे लक्षात ठेव. माणूस बरा होणारच होता, श्रेय तिसराच घेऊन जातो.

चेहरा परत येतो, पण डोळा गेला तर परत येत नाही. या कागदावरचं बाकी सगळं विसरलीस तरी हे विसरू नकोस.

एक बाळंतीण होती, वरच्या एका वाडीतली. बाळ आठ दिवसांचं असताना तिचं तोंड वाकडं झालं. बाळंतिणीला वारं लागलं म्हणून घरच्यांनी खोलीतून बाहेर काढली नाही. धुरी दिली, कानावर फडकं बांधलं, आणि तो डोळा मात्र रात्रंदिवस उघडा. चुलीचा धूर, पांघरुणाचे धागे, सगळं त्याच्यावर. मी लसीकरणाला गेले तेव्हा बाळ पाच आठवड्यांचं होतं. तोंड निम्मं सुधारलं होतं. पण बुबुळावर पांढरं फूल पडलं होतं. पुण्यापर्यंत नेली, पण त्या डोळ्याला पुढं फक्त उजेड-अंधार कळायचा. ते बाळ आता बाप झालंय. मधल्या महिन्यात त्या वाडीला मी एक फेरी चुकवली होती, ती मला अजून टोचते. म्हणून तुला सांगते, गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे पहिले दिवस या आजाराचा धोका वाढतो. गरोदर बाईचं तोंड वाकडं दिसलं तर बीपी आणि लघवीतलं प्रथिन त्याच मिनिटाला बघ, कारण वाढलेलं बीपी याच्या सोबतीला असू शकतं.

डोळ्याचं काम असं. दिवसा दर तास-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब. थेंब नसतील तोवर निदान बोटानं पापणी खाली ओढून अधूनमधून मिटवायची, हात धुऊन. रात्री डोळ्यात डोळ्याचंच मलम, बोटभर नाही, तांदळाच्या दाण्याएवढं. मलमानं अंधुक दिसतं म्हणून रात्रीच. मग बोटानं पापणी पूर्ण मिटवायची आणि वरून कागदी चिकटपट्टी लावायची, वरच्या पापणीपासून गालापर्यंत. पट्टी लावताना डोळा खरोखर मिटलाय का ते बघ. घाईत पट्टी लावली आणि खाली डोळा उघडाच राहिला, तर पट्टी बुबुळावर घासते आणि आपणच जखम करतो. कापसाचा बोळा ठेवून वर फडकं बांधू नये तेही याचसाठी. घरच्या एका माणसाला तुझ्यासमोर दोनदा लावायला लाव. सांगून कळत नाही, करून कळतं.

डोळा मिटायला सांगितलं की बुबुळ वर पळतं आणि नुसतं पांढरं दिसतं. घरचे ओरडतात, "डोळे फिरले!" त्यांना सांग, मिटताना बहुतेकांचं बुबुळ असंच वर जातं, एरवी पापणीआड दिसत नाही. ती देवानं दिलेली राखण आहे, तिला बेलचंच नाव आहे. ज्याचं बुबुळ वर जात नाही त्याच्या डोळ्याला जास्त धोका, त्याला आधी पाठव.

बाहेर जाताना गॉगल, मोठा, कडेनं झाकणारा. मोटारसायकलवर पुणे-नाशिक रस्त्यानं जाणाऱ्याला हेल्मेटची काच खाली हवी. द्राक्षावर, टोमॅटोवर फवारणी त्या माणसानं डोळा मिटेपर्यंत करायचीच नाही, दुसऱ्याला सांगायची. कांदा काढणी, भाताची मळणी, कुट्टी, सगळ्यांत तीच धूळ. डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सहन होईना, अंधुक दिसू लागलं, यातलं काहीही झालं की उद्यावर ढकलायचं नाही, त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर. फार दिवस डोळा मिटला नाही तर पापण्यांना कडेला टाका घालून तो थोडा झाकतात. घरच्यांना ते भयंकर वाटतं, पण त्यानं डोळा वाचतो.

नारायणगावला माझी नेमणूक होती तेव्हाचं एक सांगते. पाडव्याच्या सुमारास तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. त्या गर्दीत एक नर्तकी पदर तोंडावर ओढून दवाखान्यात आली. पदर काढला आणि म्हणाली, "बाई, माझं पोट या चेहऱ्यावर आहे." पुढं तिला बोलवेना. प, ब, म ही अक्षरं दोन्ही ओठ जुळल्याशिवाय उमटत नाहीत, ती तिच्या तोंडातून फुसकन निसटत होती. मलाही माझ्या आजारात भीमाशंकर म्हणता येत नव्हतं. आदल्याच दिवशी सुरू झालं होतं म्हणून औषध वेळेत मिळालं. पण तिला औषधाहून जास्त हवं होतं ते कोणीतरी समोर बसून सांगणं की, हे शाप नाही, तुझ्या धंद्याची शिक्षा नाही. मी माझा आजार तिला सांगितला. रंगाची भुकटी आणि दिव्यांचा झोत डोळ्याला नको म्हणून तिनं तो हंगाम नाचणं सोडून मागं कोरसात काढला. पुढच्या पाडव्याला राहुटीत भेटली तेव्हा हसली आणि मला दोन्ही गालांना खळ्या दिसल्या.

चेहरा गेला की माणूस घराबाहेर पडत नाही, हे औषधाच्या कागदावर लिहिलेलं नसतं. लग्नाची मुलगी असली तर आई ती गोष्ट दाबून ठेवते आणि त्यातच पहिले तीन दिवस जातात. म्हणून कोणाचं तोंड वाकडं झाल्याचं कुजबुजत कानावर आलं, तर बोलावण्याची वाट न बघता घरी जा. आशाताईंना सांगून ठेव, त्यांच्या कानावर तुझ्याआधी येतं.

लोक काय काय सांगतील तेही ऐकून ठेव. अंगारा, लिंबू, गरम विटेचा शेक, लसणाचा लेप, कोणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं. अंगारा कपाळाला लावला तर मला हरकत नव्हती, डोळ्यात जाऊ दिला नाही की झालं. हलक्या हातानं कोमट तेल गालाला लावलं तरी बिघडत नाही. लसणानं कातडी भाजते, विटेनं पोळते, आणि कानात-नाकात कोणी परस्पर काही ओतत असेल तर हात धर. देवऋष्याकडं जाऊ नका म्हटलं तर तुझ्याकडं येणं बंद करतील. "जा, पण आज आधी दवाखाना, मग तिकडं" असं म्हण.

फुगे फुगवा, च्युइंगम चघळा, हे सल्ले डॉक्टरकी न केलेली माणसं फार देतात. जोर लावून सगळं तोंड एकदम हलवण्यात फायदा नाही. नस परत उगवताना तिचे धागे चुकून भलत्या स्नायूला जातात, मग ओठ हलवला की डोळा मिटतो. माझंच बघ, अजून घास चावताना डावा डोळा बारीक होतो. म्हणून व्यायाम आरशासमोर, सावकाश, एका वेळी एकच हालचाल, दुसरी जागा हलली की थांबायचं. विजेचे झटके देणाऱ्या यंत्रासाठी रोज तालुक्याला खेपा आणि शेकड्यांनी रुपये घालवणाऱ्यांना मी समजावत असे. त्यानं चेहरा लवकर बरा होतो असा भक्कम पुरावा नाही. जेवताना चांगल्या बाजूनं चावायचं, मग बोट फिरवून गालातला अडकलेला घास काढायचा, नाहीतर दात किडतात.

आता नीट वाच, कारण प्रत्येक वाकडं तोंड बेलचं नसतं. कान उघडून बघ. कानात किंवा कानाच्या पाळीवर पाण्याचे फोड असतील, कान आग-आग दुखत असेल, चक्कर येत असेल, तर ती कांजिण्यांच्या विषाणूची नागीण आहे, तिला स्टेरॉइडबरोबर विषाणूचं औषधही लगेच लागतं. २०२२ च्या जून महिन्यात जस्टिन बीबर नावाच्या गायकाला हेच झालं होतं, तुझ्या भावानंच मला त्याचा व्हिडिओ दाखवला. एवढ्या मोठ्या माणसानं अर्धा चेहरा हलत नसताना जगाला तो दाखवला, त्याचं मला फार बरं वाटलं. कान वर्षानुवर्षं वाहतोय आणि आता तोंड वाकडं झालं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं, लगोलग.

कातडी बघ. गालावर फिकट चट्टा, त्याला बॉलपेनच्या टोकाचा स्पर्श कळत नाही आणि त्या बाजूचा डोळा मिटत नाही, तर कुष्ठरोगाचा विचार कर. देशपातळीवर २००५ मध्ये तो दहा हजारांत एकाच्या खाली आला म्हणून जाहीर झालं, पण संपला नाही. मी जुन्या बायांना शिकवायचे, तोंड बघताना पाठही बघा. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो.

आणि दोन्ही बाजू एकदम गेल्या, पायांना मुंग्या येतायत, पायऱ्या चढवत नाहीत, तर क्षणभर थांबू नकोस. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागात गियाँ-बारे आजाराची साथ आली होती, दोनशेच्या आसपास माणसं आजारी पडली, दूषित पाण्यातल्या जंतूशी तिचा संबंध जोडला गेला. त्यातही नसांनाच सूज येते, पण ती पायांकडून वर चढते आणि श्वासापर्यंत पोचू शकते. अशा माणसाला श्वासयंत्र असलेलं मोठं रुग्णालयच हवं.

आठवड्यानं-पंधरवड्यानं हळूहळू वाढत गेलेलं वाकडेपण, किंवा तीन-चार महिने होऊनही तसूभर न हललेला चेहरा, हाही बेलचा नसू शकतो. आत गाठ आहे का ते बघावं लागतं. त्यासाठी फोटो काढत जा, आठवडी बाजाराच्या दिवशी, म्हणजे विसरणार नाही. चार फोटो पुरतात: शांत बसलेला, छताकडं बघताना, डोळे मिटताना, दात दाखवताना. रुग्णाच्याच मोबाइलमध्ये काढ, तुझ्या नको. महिन्यानं ते मागं जाऊन बघतात तेव्हा त्यांचा धीर वाढतो. मला दोन आठवड्यांनी डाव्या ओठाचा कोपरा केसभर हलला होता आणि पुरं सरळ व्हायला तीन महिने गेले. शंभरात सात-आठ जणांना हा आजार पुन्हा कधीतरी होतो, तेही खरंच सांगावं, म्हणजे पुढच्या वेळी ते पहिल्या दिवशी येतील.

तुझ्या त्या बाईला छताकडं बघायला लावलंस का, तिचा तिसरा दिवस कधी संपतो, ती ओली बाळंतीण तर नाही, हे मला कळव. आणि उद्या उपकेंद्र उघडलंस की बाकी काही करायच्या आधी कपाट बघ. डोळ्याचं मलम आणि कागदी चिकटपट्टी आहे का? मलमाची तारीख गेलेली नाही ना? नसेल किंवा तारीख गेली असेल तर लगेच मागणी लिही, आणि ते येईपर्यंत घोडेगावहून एक ट्यूब विकत घेऊन ठेव. पैसे मी देईन.

तुझी आत्या